कूलरसमोर बसा, मॅडम

संपादकांनी फोनवर विचारलं, "तुमच्या कामाबद्दल लिहाल का?" मी म्हटलं, "कोणत्या?" वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी तीस वर्षं बोनाफाइड आणि टीसी दिले. त्यावर लिहायला बसले तर वाचणाऱ्याच्या आधी मलाच झोप लागेल. त्यांना हवं होतं ते दुसरं काम, निवृत्तीनंतर अकरा-बारा उन्हाळे केलेलं. ते काम नेमकं काय, हे माझ्या सख्ख्या भावालाही शेवटपर्यंत कळलं नाही. तो लोकांना सांगायचा, "आमची सुनंदा पोरांना शिबिराला पाठवते."

शिबिर नाही, इंटर्नशिप. कॉलेजातली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत, वकिलाच्या ऑफिसात किंवा वर्तमानपत्रात दोन महिने उमेदवारी करतात. पगार नसतो. "शिकायला मिळतंय ना," हाच पगार. शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला हे परवडतं. तो घरून डबा नेतो आणि संध्याकाळी घरी येऊन एसी लावून झोपतो. समुद्रपूर तालुक्यातल्या मुलीला त्याच दोन महिन्यांसाठी परक्या गावात खोली लागते, मेस लागते, बसचा पास लागतो. शिवाय उन्हाळ्यात लग्नाच्या पोळ्या लाटून किंवा ब्लाउज शिवून ती घरात जे आणते तेही बुडतं. हे बुडणारं सहसा कोणी धरत नाही. आमचा निधी धरत असे, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

निधी म्हणजे कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणग्या. समितीत चार जण होते. ते वर्षातून दोनदा भेटत आणि चहा घेत. बाकी सगळं मी. बोरगाव मेघेला एका देणगीदाराच्या गच्चीवरची खोली आम्हाला ऑफिस म्हणून मिळाली होती. मे महिन्यात त्या खोलीत पेनसुद्धा हाताला गरम लागायचं. अर्ज वाचायचे, मुलांच्या घरी जाऊन यायचं, अहवाल लिहायचा, मुलं गेली की त्यांची विचारपूस करायची आणि देणगीदारांना पत्रं लिहायची. बोलायला खोलीत एक भिंतीवरचं घड्याळ आणि गच्चीवर येणारी कबुतरं. आई गेल्यापासून घरीही तेच होतं, त्यामुळे ऑफिसातून घरी गेले काय आणि घरून ऑफिसात आले काय, फार फरक पडत नसे.

देणगीदारांचे नाना प्रकार. पुण्याच्या एका निवृत्त इंजिनिअरांची अट होती की मुलांनी त्यांना हातानं पत्र लिहावं. मुलं लिहीत. हे गृहस्थ त्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवत. दुसऱ्या वर्षी त्यांना एकाही मुलाचं पत्र गेलं नाही. मग ते मलाच दर बुधवारी फोन करू लागले, "माझी मुलं काय म्हणतात?" त्यांची स्वतःची मुलं दोन खंडांत विखुरलेली. मला ते कळत होतं, म्हणून मी बुधवारी त्या वेळेला कुठे बाहेर जात नसे.

आणि मुलांचे तर विचारूच नका. एकाला मुंबईला वकिलांच्या मोठ्या ऑफिसात पाठवलं. दोन महिने त्याला फक्त झेरॉक्स काढायला लावलं. परत आल्यावर अहवालात 'काय शिकलात' या रकान्यात त्यानं लिहिलं, "झेरॉक्स मशीन उघडून दुरुस्त करता येते." समिती हसली. मुलगा शहाणा निघाला, आज त्याची कोर्टासमोर दोन मशीनची टपरी आहे. मी गेले की माझे कागद आधी काढतो आणि "कशा आहात जी?" म्हणेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

रविवारी सकाळी मी गेलेल्या सगळ्यांना फोन करायची. नियमात नव्हतं, मी सुरू केलं होतं. "जेवण कसं आहे? खोलीत पंखा आहे का? रडायला येतं का?" हा तिसरा प्रश्न ऐकून मुलं आधी हसत आणि मग खरं बोलत. मे-जून हे माझे भरलेले महिने. जुलै लागला की मुलं परत येत, कॉलेज सुरू होई आणि फोन थंडावत. तसंच व्हायला हवं हे मला पटत होतं. तरी जुलैतल्या पहिल्या रविवारी मी सवयीनं फोन घेऊन खुर्चीत बसायची आणि नंबर कोणाचा लावायचा ते आठवत नसे.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती गृहभेटीची आहे.

अर्ज आला की मी त्या घरी जायची, कारण कागदावर सगळेच गरीब असतात. समितीनं मला एक छापील तक्ता दिला होता. छप्पर कशाचं, दुचाकी आहे का, टीव्ही, फ्रिज, कूलर, सोफा, प्रत्येकाला रकाना. खुणा ठरलेल्या संख्येवर गेल्या की अर्ज बाद. नाकारल्याचं पत्र दोन ओळींचं, आणि त्यात कारण लिहायचं नाही हा पक्का नियम. कारण दिलं की वाद होतात, असं अध्यक्षांचं म्हणणं.

या कामात माझी नजर तयार झाली होती असं मी समजत होते. एका घरी कडब्याच्या पेंढ्यांमागे झाकलेली नवी मोटरसायकल मी शोधून काढली होती. एका घरात भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता आणि टीव्ही शेजारच्यांच्या पलंगाखाली. मी बैठकीत हे किस्से रंगवून सांगायची आणि समिती म्हणायची, "सुनंदाबाईंना कोणी फसवू शकत नाही." मला ते गोड वाटायचं. लोक असलेलं लपवतात हे मी शिकले होते. नसलेलं मांडून ठेवतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आचलचा अर्ज आला तेव्हा ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. जामजवळच्या एका लहान गावची. बंगळुरूच्या एका कीटकांच्या प्रयोगशाळेत दोन महिन्यांसाठी तिची निवड झाली होती. पगार अर्थातच नाही. अर्जात 'का जायचे आहे' या प्रश्नापुढे बाकीची मुलं 'उज्ज्वल भवितव्यासाठी' लिहितात. हिनं लिहिलं होतं, 'अळ्या पाहायला.'

एप्रिलच्या भर दुपारी मी एसटीनं जामला उतरले. तिचे वडील भास्करभाऊ थांब्यावर उभेच होते. हायवेच्या चौकात त्यांची तर्री-पोह्यांची गाडी होती, ट्रकवाले आणि बसचे प्रवासी हे गिऱ्हाईक. माझ्यासाठी गाडी बंद ठेवून, धुतलेला पांढरा सदरा घालून ते मोटरसायकल घेऊन आले होते. रस्त्यात ती दोनदा बंद पडली आणि पेट्रोलचा कॉक कोणत्या बाजूला आहे ते त्यांना सापडेना. मी मागे बसून घामानं निथळत होते. स्वतःच्या गाडीचा कॉक माणसाला सापडत नाही म्हणजे काय, हा विचार मला शिवला नाही.

घरात पाऊल ठेवलं तर थंडगार. समोर निळ्या पत्र्याचा मोठा कूलर टक्-टक् आवाज करत चालू होता. त्याच्या जाळीवर मोराचं स्टिकर होतं, मोराची मान उडालेली. त्याच्यासमोर विणलेल्या कव्हराचा सोफा. कोपऱ्यात फ्रिज आणि त्यावर टीव्ही. खोली एवढीशी, त्यामुळे घरच्यांना उभं राहायला दारातलीच जागा उरली होती.

"कूलरसमोर बसा, मॅडम," भास्करभाऊ म्हणाले.

मी बसले. वारा तिरका येतोय असं वाटून त्यांनी कूलर दोन बोटं सरकवला. पन्हं आलं, मग चिवडा, मग पुन्हा पन्हं. मी थोडी बाजूला सरकले की ते लगेच म्हणत, "नाई नाई, समोरच बसा जी. उन्हातून आल्या तुमी." तेवढ्या वेळात ते स्वतः एकदाही वाऱ्यात आले नाहीत.

आचल बारीक, काळीसावळी, कमी बोलणारी. मी विचारलं, "अळ्या पाहायला म्हणजे काय गं?" ती आत गेली आणि लोणच्याची काचेची बरणी घेऊन आली. आत इंजेक्शनच्या लहान लहान बाटल्या, त्यांत स्पिरिटमध्ये कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळ्या, आणि प्रत्येक बाटलीवर शेताचं नाव आणि तारीख लिहिलेली.

"माई बरणी नासवली हिनं," आई दारातून म्हणाली. "आता त्यात लोणचं कोण घालन?"

आचल हसली नाही. म्हणाली, "मॅडम, लोक फवारून राह्यले, फवारून राह्यले, तरी काई अळ्या मरतच नाई. ज्या मरत नाई, त्याईच्यात काय वेगळं हाय, ते पाह्यचं हाय मले. इथल्या मायक्रोस्कोपातून काईच दिसत नाई. तिथं दिसते म्हणतात."

अकरा-बारा उन्हाळ्यांत मी शेकडो मुलांशी बोलले. आपल्याला काय पाहायचं आहे हे इतकं नेमकं मला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. मला ती मुलगी मनापासून आवडली. आणि मग मी पर्समधून तक्ता काढला आणि खुणा केल्या. दुचाकी, टीव्ही, फ्रिज, कूलर, सोफा. कोणालाही काहीही विचारलं नाही. डोळ्यांनी दिसत होतं, विचारायचं काय?

समितीच्या बैठकीत तक्ता पुढे आला. अध्यक्ष म्हणाले, "हे तर आपल्यापेक्षा सुखी दिसतात." मी बोलले असते तर कदाचित झालं असतं, माझ्या शब्दाला तिथे वजन होतं. बरणीबद्दल सांगता आलं असतं. पण मला वाटलं, एक मुलगी आवडली म्हणून तिची बाजू घेणं बरोबर नाही, आपण तटस्थ राहावं. मी चहा घेत बसले. दोन ओळींचं पत्र मीच टाइप केलं.

आचलचा एकदाच फोन आला. "मॅडम, काऊन नाई झालं?"

"कारण सांगता येत नाही गं. नियम आहे."

"बरं जी." आणि फोन ठेवला.

पुढच्या एप्रिलला त्याच गावातून दुसरा अर्ज आला, सुभाष नावाच्या मुलाचा. नागपूरला एका हिशेबनिसाकडे त्याला उमेदवारी मिळाली होती. वडील नव्हते, आई शाळेत खिचडी शिजवायची. मी त्यांच्या दारात चप्पल काढत होते आणि आतून टक्-टक् आवाज आला.

आत तोच निळा कूलर. मान उडालेला तोच मोर. तोच सोफा, कव्हर तेवढं बदललेलं. या खेपेला सरंजाम मागच्यापेक्षा जास्त होता. जमिनीवर गालिचा, भिंतीवर चमकणारं घड्याळ आणि एक दुप्पट मोठा फ्रिज, ज्याची वायर प्लगपर्यंत पोचतच नव्हती. कोणीतरी ती नीट गुंडाळून मागे खोचली होती.

"कूलरसमोर बसा, मॅडम," सुभाषची आई म्हणाली.

मी बसले नाही. तिच्यामागे सरळ स्वयंपाकघरात गेले, चुलीजवळच्या पाटावर टेकले आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. हा कूलर कोणाचा?"

"आमचाच जी."

"अन् हा मोर?"

तिनं पदर तोंडाला लावला. आधी हसली, मग घाबरली. "सरपंचीनबाईचा हाय जी. सोफा मास्तरच्या घरचा. घड्याळ माया जाऊचं." आणि मग मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "आमच्या इथं तशी रीतच हाय. मोठं माणूस घरी आलं त गाव सामान देते. पोरगी पाहाले पाहुणे आले तरी देते. मांगच्या साली भास्करभाऊच्या इथं थोडं कमी पडलं. फ्रिज बी लहानच भेटला. मॅडमले घर पसंत नाई पडलं, म्हणून त्याच्या पोरीचं नाई झालं म्हणतात. म्हणून यंदा मोठा आणला जी. भास्करभाऊनंच ठेल्यावर टाकून आणून देला."

हे वाचून कोणाला हसू येत असेल तर हसा. मीही पहिल्या क्षणी हसणारच होते. मग माझ्या लक्षात आलं की या बाईच्या मुलाच्या अर्जाचंही मी आत्ता तेच करणार होते, आणि पुढच्या वर्षी या गावातल्या तिसऱ्या घरात एसी लागला असता. कारण न सांगण्याचा आमचा नियम होता ना. मग लोकांनी आपापलं कारण शोधलं. भास्करभाऊंनी शोधलं, की आपलं घर कमी पडलं.

मी त्या पाटावर बराच वेळ बसले. सुभाषच्या आईला वाटलं मला ऊन लागलं, तिनं कांदा फोडून नाकाशी धरला.

सुभाषचं काम झालं. तक्त्यावर मी खरं ते लिहिलं आणि बैठकीत पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. आचलचंही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "तुमची चूक नाही, सुनंदाबाई. तुम्ही दिसलं ते लिहिलंत." ही माणसं मला धीर देत होती आणि मला त्यांचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी मी समुद्रपूरला गेले. आचल तिथे एका कृषी केंद्राच्या काउंटरवर नोकरीला लागल्याचं कळलं होतं. बियाणं, खत आणि कीटकनाशकाचं दुकान. मागे छतापर्यंत औषधांच्या बाटल्या आणि मध्ये ती. एक म्हातारे शेतकरी पॉलिथिनच्या पिशवीत भाजीची पानं घेऊन आले होते. तिनं पान उलटं करून उजेडात धरलं, नखानं काहीतरी हलवून पाहिलं आणि म्हणाली, "काका, याले औषध लागतच नाई. हे किडे तुमचेच हायत, वाईटाले खातात. घरी जा." काका खूश होऊन गेले. मालकानं गल्ल्यावरून तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मग तिला मी दिसले. मालकाला विचारून ती बाहेर आली आणि आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. मी सगळं सांगितलं. तक्ता, खुणा, मोर, सुभाषचं घर. सांगून झाल्यावर म्हटलं, "माझं चुकलं गं."

तिनं नखात अडकलेला पानाचा तुकडा काढून टाकला. मग म्हणाली, "तुमी विचारलं असतं त बाबानं सांगितलं असतं. तो खोटं नाई बोलत. तुमी विचारलंच नाई."

मी म्हटलं, या वर्षी जा. निधी देईल, मी बघते. ती म्हणाली, प्रयोगशाळेला तिनंच फोन करून पाहिला होता. तिथे फक्त शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना घेतात आणि तिची तर पदवी होऊन गेली. तरी मी घरी येऊन फोन केला. तिकडच्या बाई फार सभ्यपणे बोलल्या. नियम आहे म्हणाल्या. नियम आहे हे वाक्य समोरून ऐकायला कसं लागतं, ते मला तेव्हा कळलं. एमएस्सी करून येऊ देत, मग पाहू, असंही म्हणाल्या. पण धाकट्या बहिणीचं नर्सिंग सुरू झालं होतं आणि घरात पगार आचलचाच होता. तो एकच उन्हाळा होता तिच्याकडे.

पायरीवरून उठताना मी तिला म्हटलं होतं, "मी तुझ्या बाबांना भेटून सांगते. त्यांची माफी मागते."

तेव्हा तिनं माझा हात धरला.

"बाबाले नका सांगजा, मॅडम. आपलं घर साधं होतं म्हणून नाई झालं, हे त्याईनं सोसलं. सवय हाय त्याईले. पण आपण गावभर फिरून कूलर आणला, फ्रिज आणला, अन् त्याच्यापायीच पोरीचं गेलं, हे कळलं त तो जगणार नाई नीट. तुमी मले सांगितलं. बस झालं."

मी शब्द दिला. मुलीला दिलेला शब्द मोडून बापापुढे मन मोकळं करायचं, तर ते माझ्याच सुखासाठी झालं असतं.

त्यानंतर मी तक्ता बदलून घेतला. अध्यक्षांशी दोन बैठका भांडून नाकारल्याच्या पत्रात कारण लिहायला लावलं. घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जायची आणि विचारायची, "कोणाकोणाकडून आणलं?" बायका सुटल्यासारख्या हसत आणि यादी सांगत. कधीकधी सोफ्याचे मालकही दारात उभे असत, आपला सोफा शोभतो का ते बघायला. त्या भेटी छान व्हायच्या. बाहेर पडले की मात्र बसमध्ये दर वेळी मला तीच एक खोली आठवायची आणि घरी जाऊन हे सांगायला कोणी नसायचं. समितीला सांगून झालं होतं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस?" पुण्याच्या इंजिनिअरांना एका बुधवारी सांगायला घेतलं, तर त्यांनी विचारलं, "मग ती आता कोणाच्या नावे पत्र लिहिते?"

अडचण अशी की समुद्रपूर, हिंगणघाटकडे जायचं तर मला जामला बस बदलावी लागे. चौकातच भास्करभाऊंची गाडी. टाळायला मी एकदा थांब्याच्या मागच्या बाजूनं गेले, तर ते झारा हातात घेऊन धावत आले, "मॅडम, अश्या कश्या जाता?" तेव्हापासून टाळणं सोडलं. बाकावरचं गिऱ्हाईक उठवून ते मला बसवायचे, तर्री वेगळी द्यायचे, कमी तिखटाची. आणि दर वेळी, माझी बस दिसू लागली की, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं हात पुसत, खाली बघून तेच बोलायचे.

"तवा तुमची नीट सोय नाई झाली, मॅडम. गरिबाचं घर. मनात नका ठेवजा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "नाही हो भास्करभाऊ, सोय फार चांगली झाली होती."

"तुमचं मन मोठं हाय म्हणून म्हणता," ते म्हणाले, आणि खिडकीतून दुपट्टा टाकून माझ्यासाठी जागा धरायला धावले.

वर्षानुवर्षं हेच चाललं. ते माझी माफी मागत आणि मी पोहे खाई. मी निधीचं काम सोडलं, गुडघे ऐकेनात. काम गेलं, रविवारचे फोनही गेले. तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा मी काही कारण काढून जामला जात राहिले. का जात होते ते नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं इतक्या घरी गेले, पण मी येईन म्हणून वाट बघणारं माणूस ते एकच उरलं होतं, आणि त्यालाच मी खरं सांगू शकत नव्हते.

भास्करभाऊ या उन्हाळ्यात गेले. चौकातच, गाडीवर उभे असताना छातीत दुखलं. तेरवीला मी गेले होते. आचल अजून त्याच दुकानात आहे. तीन तालुक्यांतले शेतकरी पिशवीत अळ्या घेऊन तिलाच विचारत येतात, मालकानंही आता डोळे वटारायचं सोडलं आहे. लोक म्हणतात, पोरीनं नाव काढलं. ती म्हणते, "दुकान हाय जी."

मला सोडायला ती थांब्यापर्यंत आली. बाबांच्या गाडीची जागा रिकामी होती, तिथे कोणीतरी मोटरसायकल लावली होती. बसची वाट पाहताना ती म्हणाली, "मॅडम, आता सांगितलं तरी चालते तुमी."

मी विचारलं, "कोणाला?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. बस दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "मंग लिहून टाका."

म्हणून लिहिलं. कामाबद्दल लिहा म्हणाले होते. माझ्या कामातलं सांगण्यासारखं हेच आहे.

भास्करभाऊ, त्या दुपारी तुमच्या घरी माझी सोय फार चांगली झाली होती. आचलचा अर्ज मी बाद केला. तुमच्या घरात काही कमी नव्हतं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.